‘देऊळ’ शब्दाचें मूळ व विभक्तिरूपें

ज्यांच्या संग्रहीं जुनीं इनामपत्रें व देवस्थानांचे हिशेब आहेत, त्यांस ‘देऊळ’ हा शब्द परिचित आहे. परंतु प्रथमेंत ‘देऊळ’ आणि प्रत्यय लागतांच ‘देवळास’, ‘देवळांत’ असें रूपांतर कां होतें, याचा विचार क्वचितच केला जातो. हा प्रश्न केवळ वैयाकरणांचा नव्हे. जुन्या कागदाचें वाचन व मुद्रण कसें करावें, हेंही त्यांत गुंतलेलें आहे.

मूळ शब्द संस्कृत ‘देवकुल’. येथें कुल म्हणजे वंश नव्हे, तर घर. भासाच्या प्रतिमानाटकांत इक्ष्वाकु राजांच्या प्रतिमागृहास हेंच नांव आहे. स्वरमध्यस्थ ककाराचा लोप होऊन प्राकृतांत ‘देवउल’ व ‘देउल’ अशीं दोन रूपें झालीं. हेमचंद्रानें बाराव्या शतकांत दोहोंचीही नोंद केली आहे. पुढें मराठींत दोन स्वरांमधील एकेरी लकाराचा ळकार झाला, आणि अंत्य स्वर गळून उपांत्य उकार दीर्घ झाला.

आतां ‘देवळा-’ हें अंग घेऊं. यांतील वकार ‘देव’ शब्दांतला मूळचाच टिकला असावा, असें सकृद्दर्शनीं वाटतें. आम्हांस हें मान्य नाहीं. ‘पाऊल’ शब्द पहावा. त्याचें मूळ ‘पाद’. त्यांत वकार नाहीं, तरी ‘पावलास’ असेंच रूप होतें. अर्थात् पुढें सामान्यरूपाचा आकार आला कीं आधींचा उकार निर्बळ होतो व त्याच्या जागीं वकार येतो. म्हणून ‘देवळा-’ याच्या मागें ‘देउळा-’ हें अंग मानणें युक्त होय. महानुभावांच्या जुन्या गद्यांतील ‘देउळीं’ या रूपानें या तर्कास बळकटी येते.

उपलब्ध रूपांवरून पूर्वरूप अनुमानानें काढण्याची हीच रीत युरोपीय पंडित अनुसरतात. मूळ स्लाव भाषेचा एकही लेख उपलब्ध नाहीं. तरी रशियन व पोलिश ‘दोम’, म्हणजे घर, आणि प्राचीन चर्च-स्लाव भाषेंतील षष्ठीचें ‘दोमु’ यांवरून तो शब्द मुळांत उकारान्त होता, असें त्यांनीं ठरविलें. अशा अनुमित रूपामागें ते तारका लावितात, जेणेंकरून अनुमान व लेखी पुरावा यांची गल्लत होऊं नये. वेदांतील गृहवाचक ‘दम’ हा त्याच शब्दाचा आप्त.

यावरून संग्राहकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. मोडींत उकाराचा ह्रस्वदीर्घभेद सामान्यतः पाळला जात नाहीं. तेव्हां ‘देउळ’ कीं ‘देऊळ’ एवढ्यावरून मोडी कागदाचा काळ ठरवूं नये. परंतु ‘उ’ आणि ‘व’ हीं अक्षरें निराळीं आहेत. संपादकानें ‘देउळास’ याचें ‘देवळास’ करून छापलें, तर साक्षीदारच नाहींसा होतो.

बागलाणांत देवळाणे येथें जोगेश्वराचें प्राचीन मंदिर आहे. ग्रामनामांत ‘देवळ-’ दिसतें खरें. तथापि जुनें लेखी रूप हातीं आल्यावांचून व्युत्पत्ति सिद्ध झाली, असें म्हणूं नये. सटाण्याच्या आसपास ज्यांच्याकडे जुने कागद असतील त्यांनीं अशीं नांवें, मितीसह, जशींच्या तशीं उतरून ठेवावीं, एवढीच आमची विनंति आहे.