चष्म्याच्या काचेवर हिरवट-जांभळी झाक का दिसते?

अँटी-ग्लेअर चष्मा उजेडात तिरका धरला की काचेवर हिरवट किंवा जांभळी झाक दिसते. हा काचेचा रंग नाही. काचेवर चढवलेल्या अतिशय पातळ थराची ती खूण आहे. मायक्रोस्कोप आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवरही असेच थर असतात.

अडचण काय होती?

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एका लेन्सला दोन पृष्ठभाग. म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये पाच सुट्या लेन्स असतील, तर डोळ्यापर्यंत जेमतेम ६६ टक्के प्रकाश पोहोचतो. शिवाय परत फिरलेला प्रकाश लेन्समध्येच इकडून तिकडे आपटत राहतो आणि दृश्य धुरकट होतं. फिकट पेशींमधले बारीक तपशील त्यातच हरवतात.

थर नेमकं काय करतो?

थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून प्रकाशाच्या दोन लाटा परततात. थराची जाडी त्यातल्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवली, तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. तो प्रकाश नाहीसा होत नाही, काचेतून पलीकडे जातो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. आपला केस त्याच्या कित्येक शे पट जाड असतो!

मग झाक कुठून येते? एक थर एकाच रंगाला नीट अडवतो. हिरव्या रंगासाठी बनवलेल्या थरावरून थोडा तांबडा आणि निळा प्रकाश परततो, म्हणून काच जांभळट दिसते. अनेक थरांच्या लेन्सवर बऱ्याचदा हिरवट झाक उरते.

शोध कोणी लावला?

१९३५ मध्ये जर्मनीच्या कार्ल झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत काचेवर थर चढवण्याची पद्धत शोधली. १९३८ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या कॅथरीन ब्लॉजेट यांनी साबणासारख्या रेणूंचे ४४ थर एकावर एक चढवून काचेची चमक जवळपास घालवली. केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांचा थर मात्र मऊ होता, सहज पुसला जायचा. म्हणून पुढे निर्वात पेटीतले टणक थरच रूढ झाले.

टणक असले, तरी धुळीच्या कणांनी या थरांवर ओरखडे पडतात. त्यामुळे चष्मा असो वा मायक्रोस्कोप, आधी धूळ उडवा, मगच काच पुसा.