पानशेतची अर्धवट मोरी

जुन्या पुणेकरांशी बोलताना एक गोष्ट लक्षात येते. घरातलं लग्न, वाड्याची वाटणी, मुलाचा जन्म अशा गोष्टींचं साल सांगताना ते ‘पुराच्या आधी’ किंवा ‘पुरानंतर’ असं म्हणतात. कुठला पूर, हे सांगावं लागत नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि दुपारपर्यंत निम्मं पुणं पाण्याखाली गेलं, तोच हा पूर.

शाळेत आपण पुराचा धडा ‘नैसर्गिक आपत्ती’ या मथळ्याखाली शिकवतो. पानशेतचा पूर मात्र त्या मथळ्यात बसत नाही. पाऊस नैसर्गिक होता, पण धरण माणसांनी बांधलं होतं, आणि ते फुटलं तेही माणसांच्या निर्णयांमुळे. म्हणूनच ही हकिकत विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी आहे, असं आम्हाला वाटतं.

पानशेत हे वेल्हे तालुक्यातलं गाव. (तालुक्याला आता राजगड असं नाव मिळालं आहे.) आंबी नदीवर इथे मातीचं धरण बांधायचं काम 1957 साली सुरू झालं. आंबीचं पाणी पुढे मुठेला मिळतं आणि खडकवासल्याच्या धरणात येतं. खडकवासल्याचं धरण दगडी, 1879 च्या सुमारास पूर्ण झालेलं. पुण्याला पिण्याचं पाणी तिथूनच मिळे. थोडक्यात, एका नदीवर वर नवं मातीचं धरण, खाली जुनं दगडी धरण आणि त्याच्याही खाली शहर, अशी ही रचना होती.

पानशेतचं काम 1962 मध्ये पुरं व्हायचं होतं. पण 1961 च्या पावसाळ्यातच पाणी अडवावं असं ठरलं आणि कामाला घाई झाली. भिंत उभी राहिली, पण मोरी अपुरी राहिली. सगळ्या गोष्टीचं मूळ या मोरीत आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

मातीच्या धरणातून हवं तेव्हा पाणी सोडण्यासाठी भिंतीच्या तळातून एक बोगद्यासारखी वाट ठेवतात. तिच्या तोंडाशी दरवाजे आणि ते वर-खाली करणारी यंत्रणा असते. मातीच्या धरणातली ही सर्वांत नाजूक जागा. माती दबते, खचते. काँक्रीट मात्र ताठ असतं. दोघांच्या सांध्यात फट पडली, किंवा मोरीलाच तडा गेला, तर पाण्याबरोबर मातीचे कण वाहून जाऊ लागतात. फट रुंदावते, पाण्याचा वेग वाढतो, आणखी माती जाते. वरून पाहणाऱ्याला भिंत धडधाकट दिसत असते आणि आतून ती पोकळ होत असते.

पानशेतला मोरीभोवती पोलादी सळ्यांचं काँक्रीट हवं होतं. त्याऐवजी सळ्यांविना काँक्रीटचे ठोकळे वापरले गेले. दरवाजे उचलण्याची यंत्रणाही पावसाळा आला तेव्हा पुरती बसवून झालेली नव्हती. म्हणजे पाणी अडवण्याची सोय पूर्ण होती, ते हवं तसं सोडण्याची मात्र अपुरी.

त्या वर्षी पाऊस जोराचा झाला. सुरुवातीला पाण्याची पातळी दिवसाला 9 मीटर या वेगाने चढली आणि 12 दिवसांत 24 मीटर वाढली. अर्धवट मोरीतून पाणी वाहत होतं, पण एकसारखं नाही. उन्हाळ्यात बंद पडलेला नळ पुन्हा सुरू होताना काय होतं ते आठवा. कधी हवा येते, कधी पाणी. नळ गुरगुरतो, पाइप थडथडतो. मोरी कधी पूर्ण भरून, कधी अर्धी भरून वाहू लागली, की हेच मोठ्या प्रमाणावर होतं. 30 मीटर खोलीवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या तिप्पट असतो. असे दाबाचे धक्के त्या सळ्यांविना बांधलेल्या मोरीला बसत राहिले.

मग मोरीच्या वरच्या भागात धरणाला भेगा दिसू लागल्या. सुमारे 9 मीटर रुंदीचा भाग खचू लागला. अडीच तासांत तो 1.4 मीटर खाली गेला. धरणाचा माथा आणि पाणी यांत 0.6 मीटरचं अंतर उरलं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती रचून माथा उंच ठेवायचा प्रयत्न केला. धरण वाचलं नाही, पण रात्र निभावली. हेच पाणी मध्यरात्री झोपलेल्या पेठांत शिरलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पनाच केलेली बरी.

12 तारखेला सकाळी भिंत फुटली. पाण्याचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि त्याच दिवशी ते जुनं धरणही फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. डेक्कन, नारायण, शनिवार, कसबा या भागांतले मातीचे वाडे पाण्यात विरघळल्यासारखे बसले. माणसं गेली, हजारो कुटुंबं उघड्यावर आली. शहर पाण्यात बुडालं आणि पूर ओसरल्यावर पिण्याच्या पाण्याला महाग झालं, कारण खडकवासल्याचा साठाच वाहून गेला होता. आजचं गोखलेनगर, लोकमान्यनगर किंवा सहकारनगर पाहताना, यांतल्या कितीतरी वस्त्या पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या, हे मुलांना जरूर सांगावं.

सरकारने न्यायमूर्ती बावडेकर यांचा चौकशी आयोग नेमला. चौकशी चालू असतानाच त्यांचा मृत्यू झाला आणि पुढचं काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेलं. पानशेतचं धरण पुन्हा बांधून 1972 मध्ये पूर्ण झालं.

आता प्रश्न असा, की चूक कोणाची? एका माणसाकडे बोट दाखवणं सोपं असतं. पण यंत्रांच्या जगात अशा प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार कोणी केला असेल, तर तो विमानांची देखभाल करणाऱ्यांनी. त्यांच्याकडची दोन उदाहरणं पाहू.

10 जून 1990 रोजी इंग्लंडमधून निघालेल्या एका विमानाची समोरची काच हवेत निसटली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहवैमानिकाने विमान उतरवलं. सुदैवाने सगळे वाचले, कप्तानही. त्याआधीच्या एका रात्रपाळीत ती काच बदलली होती. 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट नेमक्या मापापेक्षा पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने बारीक होते. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण लांबीला कमी. काम करणारा माणूस अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट हातात धरून, कमी उजेडात, नजरेने जुळवून नवे बोल्ट घेतले. पुस्तकात माप पाहिलं नाही, आणि त्याचं काम दुसऱ्या कोणी तपासावं असा नियमही नव्हता.

दुसरं उदाहरण जपानचं. 1978 मध्ये एका विमानाची शेपूट धावपट्टीला घासली. मागच्या दाबरोधक भिंतीची दुरुस्ती करताना जिथे रिव्हेटांच्या दोन ओळींनी भार पेलायचा, तिथे तो प्रत्यक्षात एकाच ओळीवर आला. विमान सात वर्षं नीट उडलं. 12 ऑगस्ट 1985 रोजी ती भिंत फाटली आणि 520 माणसं मेली.

धरण आणि विमान यांत एक साम्य आहे: दोन्ही दाब अडवून धरतात. उंचावर विमानाच्या आतला आणि बाहेरचा दाब यांत साधारण अर्ध्या वातावरणाचा फरक असतो. धरणाच्या तळाशी तो कितीतरी जास्त. आणि दोन्हीकडे चूक दाब येईपर्यंत गप्प बसून राहते. म्हणूनच ‘आजवर काही झालं नाही’ हा पुरावा होऊ शकत नाही.

जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या सुमारास हे एका चित्रातून समजावलं. भोकं असलेल्या चीजच्या चकत्या एकामागे एक धरा. आपण जाळीदार घावनं म्हणू. प्रत्येक घावन म्हणजे एक बचाव: आराखडा, साहित्य, तपासणी, इशारा. एकाचं भोक दुसऱ्याने झाकलं जातं. सगळी भोकं एका रेषेत आली, तरच अपघात होतो. पानशेतला मुदतीची घाई, सळ्यांविना मोरी, अपुरे दरवाजे आणि खालच्या लोकांना वेळेवर न मिळालेला स्पष्ट इशारा, ही सगळी भोकं एका रेषेत आली. यांतलं एकही भोक पावसाने पाडलेलं नव्हतं.

यातून विमानांच्या क्षेत्राने साधे धडे घेतले: महत्त्वाचं काम एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं, सही केल्याशिवाय विमान उडायचं नाही, चूक कबूल करणाऱ्याला गप्प करायचं नाही. धरणांच्या बाबतीत आपण इथवर उशिरा आलो. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली. त्याच्या दोनच वर्षं आधी, 2 जुलै 2019 च्या रात्री, चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं होतं. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं कारण दिलं. खेकडे भोक पाडू शकतात हे खरं मानलं, तरी ते भोक वेळेत पाहून बुजवणं हे काम खेकड्यांचं नव्हे.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. पसरट परातीत मातीचा बांध घाला, त्यातून शीतपेयाची एक नळी आरपार ठेवा. एकदा नळी अखंड ठेवा, दुसऱ्यांदा तिला बांधाच्या मधोमध सुईने भोकं पाडा. मागे पाणी भरा आणि बांधाच्या माथ्याकडे पाहत राहा. माती कुठून आणि कशी खचते, हे मुलांना स्वतः पाहू द्या.

मग त्यांना विचारा: 1961 च्या मे महिन्यात, मोरी पुरी झालेली नाही हे ज्याला दिसत होतं, त्याला ‘या वर्षी पाणी अडवू नका’ असं म्हणता यावं यासाठी काय काय हवं होतं? उत्तरात अभियांत्रिकी थोडी असेल. बाकीचं आपल्या एकमेकांशी वागण्याबद्दल असेल.