उच्चांकाची वही

सोनं महागलं की फोनवर टिंग वाजतं : ‘ऑल टाइम हाय’. ऊन वाढलं की ‘रेकॉर्ड हाय’. इंग्रजीत अशा काही शब्दांच्या जोड्या जमलेल्या असतात. ‘रेकॉर्ड टॉल’ म्हटलं तर अर्थ कळेल, पण कानाला खटकेल. या जोड्या जमल्या कुठे, हे पाहायला गेलं की मजा येते, आणि थोडी धाकधूकही वाटते.

त्यातली जुनी जोडी समुद्राची. ‘हाय वॉटर मार्क’ म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथली रेघ. किनाऱ्याची जमीन कुणाची, हे ठरवायला कायद्याला ती लागे. अमेरिकी यादवी युद्धात ३ जुलै १८६३ रोजी दक्षिणेच्या सैन्याचा हल्ला गेटिसबर्गच्या एका राईपर्यंत पोचला आणि तिथून मागे हटला. १८९२ मध्ये त्या जागी उभ्या राहिलेल्या स्मारकाच्या नावात हेच शब्द आहेत. पाणी ओसरल्यावरच दिसणारी ही रेघ. त्या दुपारी तिथे लढणाऱ्यांना ती दिसणं शक्य नव्हतं.

‘रेकॉर्ड’चं तसं नाही. लॅटिनमध्ये त्याचं मूळ आठवण्याशी, त्याहून मागे हृदयाशी जाऊन पोचतं. इंग्रजीत आल्यावर त्याचा अर्थ झाला लेखी नोंद, कोर्टातली, दप्तरातली. खेळाडूंनी मोडायचं ‘रेकॉर्ड’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. म्हणून इंग्रजीत ‘रेकॉर्ड लो’सुद्धा सहज बसतं, ती नुसती नोंद आहे. आपण मात्र ‘रेकॉर्ड’साठी ‘विक्रम’ घेतला, म्हणजे पराक्रम. आणि मग ‘रुपया विक्रमी नीचांकावर’ असं बिनदिक्कत छापतो. घसरण्यात कसला आलाय पराक्रम?

पण नोंद म्हटली की नोंदणारा आला, आणि त्याची चूकही आली. लिबियातल्या अल अझीझियामध्ये १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. लिबिया तेव्हा इटलीच्या ताब्यात होता. पृथ्वीवरचं सर्वाधिक तापमान म्हणून हा आकडा नव्वद वर्षं पुस्तकांत राहिला. पुढे जागतिक हवामान संघटनेच्या तज्ज्ञांनी मूळ वही तपासली, तर एका नव्या हाताच्या नोंदी चुकीच्या रकान्यांत पडलेल्या. तापमापकही जुन्या घडणीचा. त्यातल्या सरकत्या खुणेच्या भलत्या टोकाचा आकडा वाचणं अगदी सोपं. चूक सुमारे सात अंशांची असावी. या तपासातले लिबियन हवामानतज्ज्ञ खालिद एल फादली २०११ च्या क्रांतीत काही महिने संपर्काबाहेर होते, त्यामुळे काम रखडलं. अखेर २०१२ मध्ये तो आकडा रद्द झाला आणि मान कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीकडे गेला : १० जुलै १९१३, ५६.७ अंश. एका माणसाने रकाना चुकवला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी भूगोलात ते पाठ केलं!

‘ऑल टाइम’ तर त्याहून फसवं. ‘सर्वकालीन’ म्हणताना काळ कधीपासून मोजायचा? डाऊ जोन्सचा औद्योगिक निर्देशांक २६ मे १८९६ रोजी सुरू झाला, अवघ्या बारा कंपन्यांवर. ३ सप्टेंबर १९२९ रोजी तो ३८१.१७ वर बंद झाला, तेव्हाचा सर्वकालीन उच्चांक. म्हणजे तो ‘सर्व काळ’ होता तेहतीस वर्षांचा. बातमीतला तो शब्द खोटा नव्हता. फक्त पाणी ओसरायला लागलंय, हे त्याला सांगता येत नव्हतं. ८ जुलै १९३२ रोजी निर्देशांक ४१.२२ वर होता. लाभांश आणि महागाईचा हिशेब वेगळा, पण नुसता आकडा पाहिला तर तो जुना उच्चांक ओलांडायला २३ नोव्हेंबर १९५४ उजाडावं लागलं. १९२९ च्या त्या दिवशी शेअर घेणारा तिशीचा माणूस तोवर पंचावन्नचा झाला होता.