रद्द वचनांची मोजदाद

निझामी राजवटीत ज्यांचे शिक्षण उर्दूतून झाले, त्या लोहा-कंधारकडील मंडळींना ‘नस्ख’ हे अक्षराच्या एका वळणाचे नाव म्हणून ठाऊक असे. अरबीत या शब्दाचे अर्थ दोन: नक्कल उतरून घेणे आणि काढून टाकणे. कुराणाच्या मीमांसेत दुसरा अर्थ चालतो. आधीची आज्ञा नंतरच्या आज्ञेने रद्द होणे म्हणजे नस्ख.

विधवेचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या अध्यायाच्या २४० व्या वचनात पतीने तिच्यासाठी वर्षभराच्या निर्वाहाची तरतूद करावी असे आहे. २३४ व्यात तिने पुनर्विवाहापूर्वी चार महिने दहा दिवस थांबावे असे आहे. बहुतेक पंडितांनी पहिले वचन दुसऱ्याने रद्द मानले. ग्रंथात रद्द करणारेच आधी येते. पण कुराणाची मांडणी अवतरणाच्या क्रमाने नाही, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. उलट काही भाष्यकार विचारतात, एक वचन घरातील हक्काचे, दुसरे मुदतीचे. मग विरोध कोठे?

हा वाद पोटगीपुरता असता तर आपण तो काजींवर सोपविला असता. परंतु नवव्या अध्यायातील पाचव्या, युद्धाच्या वचनाने सहिष्णुतेची शंभराहून अधिक वचने रद्द झाली, असे काही जुने पंडित सांगत. इ. स. १०१९ मध्ये वारलेल्या हिबतुल्लाह इब्न सलामाची एकूण यादी दोनशेंच्या वर जाते. सुयूतीने (मृत्यू १५०५) ती सुमारे विसावर आणली. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी पाचच ठेवली. त्यांनी दाखविले की, आरंभीची पिढी सर्वसाधारण आज्ञेला अपवाद सांगितला तरी त्यालाही नस्खच म्हणे. त्यामुळे संख्या फुगली. विधवेचे वचन मात्र त्यांच्याही पाचांत आहे.

कुराणात नस्ख मुळीच नाही, असे दहाव्या शतकातच अबू मुस्लिम इस्फहानी म्हणाला होता. एकोणिसाव्या शतकात सर सय्यद अहमद खान त्याच मताला आले: रद्द झाले ते पूर्वीच्या धर्मग्रंथांतले नियम. बहुसंख्य उलेमांना हे रुचले नाही. सर सय्यदांचे सहकारी चिराग अली (१८४४–१८९५) हैदराबादेत अर्थखात्याचे सचिव होते. आपला मुलूख तेव्हा त्याच सरकारच्या अमलाखाली होता. १८८५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी युद्धाची वचने करार मोडणाऱ्या विरोधकांपुरती, स्वसंरक्षणाची आहेत, असे प्रतिपादिले. त्या वाचनात सहिष्णुतेचे एकही वचन खोडावे लागत नाही.