मॉलीची खिडकी आणि काळी यादी



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही मित्रांनी मला विचारले, “गेटसभेत बोलणारा माणूस तू, दूरचित्रवाणीवरच्या विनोदाशी तुझा संबंध काय?” प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे पुष्कळ झाले. पण ज्या बाईंची हकीकत मी सांगणार आहे, तिच्यात कारखान्याच्या दारात आम्हांला नेहमी भेटणारा एक प्रश्न आहे. मालक म्हणतो, ‘हा एवढा एक माणूस काढा, म्हणजे बाकीच्यांचे काम चालू राहील.’ अशा वेळी काय करावे?

गर्ट्रूड बर्ग यांचा जन्म १८९९ साली न्यूयॉर्कमधील एका ज्यू कुटुंबात झाला. माहेरचे नाव टिली एडेलस्टाईन. वडील कॅट्स्किलच्या डोंगरात उन्हाळी पाहुण्यांसाठी हॉटेल चालवीत. पाऊस लागून पाहुणे आत अडकले, की ही मुलगी त्यांच्या पोरांना जमवून छोटी नाटुकली करी. लेखनाची तीच तिची शाळा. २० नोव्हेंबर १९२९ रोजी, म्हणजे न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळून महिनाही उलटला नव्हता तेव्हा, गोल्डबर्ग कुटुंबाची तिची श्रुतिका नभोवाणीवर सुरू झाली. लेखिका तीच, कर्ती तीच आणि घरातली आई मॉली, तीही तीच. हजारो संहिता या एका बाईने लिहिल्या. १९३९ साली जर्मनीत ज्यूंची घरे आणि दुकाने फुटल्याला काही महिनेच झाले होते. तेव्हा वल्हांडणाच्या सणाच्या प्रसंगात तिने गोल्डबर्गांच्या खिडकीवर दगड येऊन पडलेला दाखविला. आपल्या विनोदाला घराबाहेरचे जग वर्ज्य आहे, असे तिने कधी मानले नाही.

जानेवारी १९४९ मध्ये हे कुटुंब दूरचित्रवाणीवर आले. ब्राँक्समधले भाड्याचे बिऱ्हाड. मॉली खिडकीतून वाकून शेजारणीला हाक मारते, मोडक्या इंग्रजीत सल्ला देते, दुसऱ्याच्या भानगडीत प्रेमाने नाक खुपसते. चाळीत वाढलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगायला नको. गरीब माणसाला हसायचे नाही, त्याच्याबरोबर हसायचे, ही बर्गबाईंच्या विनोदाची रीत होती. १९५१ साली उत्कृष्ट अभिनेत्रीचे एमी पारितोषिक त्यांना मिळाले.

आता या खिडकीची दुसरी बाजू पाहू. त्या काळी अमेरिकेत बहुधा एकेक कंपनी अख्खा कार्यक्रमच पुरस्कृत करी. बर्गबाईंचा कार्यक्रम जनरल फूड्स या कंपनीकडे होता. त्याच खिडकीत उभी राहून मॉली प्रेक्षकांना कंपनीच्या सँका कॉफीची महती सांगे. पैसा कंपनीचा, म्हणून पडद्यावर कोण दिसावे यावरही हक्क कंपनीचा!

मॉलीच्या नवऱ्याची, जेकची, भूमिका फिलिप लोएब करीत. हे नटांच्या ‘ॲक्टर्स इक्विटी’ या संघटनेतले जुने, लढाऊ कार्यकर्ते. तालमीच्या दिवसांचाही पगार मिळाला पाहिजे, यासाठी ते झगडले. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची पुस्तिका निघाली. तिच्यात १५१ जणांची नावे कम्युनिस्टांचे साथी म्हणून छापली होती. लोएब त्यांपैकी एक. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही. नुसते नाव छापले, एवढे पुरे झाले. लोएबना काढा, असे कंपनीने सांगितले. बर्गबाईंनी साफ नकार दिला. कंपनी काही काळ नमली. पण १९५१ मध्ये तिने अंग काढून घेतले आणि सी.बी.एस.ने कार्यक्रम बंद केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘आय लव्ह लूसी’ सुरू झाली. तिच्या लेखकांतही मॅडलिन प्यू ही बाई होती; पण जगाच्या ध्यानात राहिली ती लूसी.

फेब्रुवारी १९५२ मध्ये गोल्डबर्ग कुटुंब एन.बी.सी.वर परतले, लोएबना वगळून. लोएबनी पैशाची तडजोड पत्करली होती. आपण कम्युनिस्ट नाही, असे त्यांनी सिनेटच्या समितीपुढे शपथेवर सांगितले, तरी काम मिळेना. आजारी मुलाच्या शुश्रूषेचा खर्च डोक्यावर होता. १ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्यांनी आपले जीवन संपविले.

काही जण म्हणतील, बाई शेवटी वाकली. मला तसे म्हणण्याचा अधिकार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संपाच्या अखेरीस मी अशाच एका कागदावर सही केली आहे. सगळे आत, एक बाहेर. तो कामगार मला अरेतुरे करीत असे. त्यानंतर रस्त्यात भेटला की ‘नमस्कार, साहेब’ म्हणू लागला. ते ‘साहेब’ अजून कानात आहे.

म्हणून बर्गबाईंचा न्याय करताना मी एक गोष्ट पाहतो. नकार देताना त्यांच्या मागे कोण उभे होते? इक्विटीने काळ्या यादीचा निषेध केला. पण निषेधाच्या ठरावाने थांबलेला कार्यक्रम सुरू होत नाही. नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या कलावंतांच्या संघटनेने तर १९५५ साली, चौकशी समितीला उत्तरे न देणाऱ्या सभासदांवरच शिस्तभंगाची कारवाई करण्याचा नियम केला. जिने ढाल व्हायचे, तीच काठी झाली. एकटी लेखिका, कितीही मोठी असली तरी, वर्षभर झुंजू शकते. त्यापुढे झुंजायला संघटना लागते.

बर्गबाई १९६६ साली वारल्या. दूरचित्रवाणीवर घरगुती विनोदाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागेल. ते घेताना त्या घरातल्या जेकचेही घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.