जपानी रिंगण आणि परदेशी विजेते

मल्लविद्येचा इतिहास म्हणजे केवळ दांडग्या माणसांच्या मारामारीचा वृत्तान्त, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांची असते. परंतु ज्यानें शाळेंत इतिहास शिकविण्यांत आयुष्य घालविलें आहे, त्याला एक गोष्ट सहज दिसते : कोणत्याहि किताबाच्या मागें तो देणारी संस्था असते, आणि ती संस्था जितकी निःपक्षपाती, तितकेंच त्या किताबाचें मोल. राजदरबारच्या पदव्यांना हा नियम लागू आहे, तसाच तो आखाड्यांतील पदव्यांनाहि लागू आहे. आज मी जपानांतील ‘किकबॉक्सिंग’ या मुष्टि-लत्ता-युद्धाच्या, आणि विशेषतः ‘के-वन’ नांवाच्या संस्थेच्या किताबांची हकीकत आपणांस सांगणार आहें. हे किताब कोणी निर्माण केले, कोणी जिंकले आणि अखेर ते कोणाचे झाले, एवढाच माझा विषय आहे.

या खेळाचा उगम जपानी कराटे आणि सयाम देशाचें, म्हणजे आजच्या थायलंडचें, पारंपरिक मुष्टियुद्ध यांच्या संघर्षांत आहे. थाई योद्धे मुठींप्रमाणेंच पाय, गुडघे आणि कोपरें यांचाहि उपयोग करतात. सन १९६३ मध्यें तीन जपानी कराटेपटु बँकॉकच्या लुम्पिनी रिंगणांत उतरले. तिघांपैकीं दोघे जिंकले. जो तिसरा हरला, त्याचें नांव केनजी कुरोसाकी. हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. कारण या पराभूत माणसाचा पुढील इतिहासावर जेवढा परिणाम झाला, तेवढा त्या दोघां विजेत्यांचाहि झाला नाहीं.

पुढें ओसामु नोगुची नांवाच्या, मुष्टियुद्धाचे सामने भरविणाऱ्या गृहस्थानें या दोन्ही विद्यांच्या मिश्रणाला ‘किकबॉक्सिंग’ असें इंग्रजी वळणाचें नांव दिलें, आणि १९६६ च्या एप्रिलांत ओसाका शहरीं पहिले सामने भरविले. त्याचा प्रमुख वीर तादाशि सावामुरा. त्याच वर्षीं एका थाई प्रतिस्पर्ध्यानें सावामुराला एकाच सामन्यांत सोळा वेळां भुईवर लोळविलें. दुसरा कोणी असता तर त्यानें खेळच सोडला असता. सावामुरानें मात्र अभ्यास दुप्पट केला. उंच उडी घेऊन गुडघ्याचा तडाखा देण्याचा त्याचा डाव दूरचित्रवाणीमुळें घरोघरीं पोंचला, आणि १९७३ सालीं जपानांतील व्यावसायिक खेळाडूंचा सर्वोच्च वार्षिक सन्मान त्याला मिळाला. त्याच्या नांवावर ‘पौर्वात्य विजेता’ हा किताब होता. तथापि हा किताब जपानी संस्थेनें, जपानी रिंगणांत, जपानी वीराला दिलेला होता. घरच्या मापानें मोजलेली उंची बाहेरच्यानें मान्य करावी, हें नेहमीं घडतेंच असें नाहीं.

ती मान्यता दुसऱ्या एका जपानी माणसानें मिळविली. मघां उल्लेखिलेल्या कुरोसाकीनें टोकियोंत आपला आखाडा काढला व तेथें तोशिओ फुजिवारा हा शिष्य तयार केला. १९७८ च्या मार्चांत फुजिवारानें बँकॉकच्या राजदम्नर्न रिंगणाचा किताब थाई विजेत्यापासून जिंकून घेतला. थाई नसलेल्या माणसाच्या हातीं तो किताब जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. गुरूनें पंधरा वर्षांपूर्वीं ज्या देशांत हार खाल्ली, त्याच देशाचा मानाचा पट्टा शिष्यानें मिळविला.

पण कुरोसाकीच्या विद्येला दुसरीहि एक शाखा फुटली. हॉलंडहून यान प्लास नांवाचा तरुण त्याच्यापाशीं शिकावयास आला होता. तो मायदेशीं परतला आणि १९७८ सालींच त्यानें अॅम्स्टरडॅममध्यें गुरूच्या आखाड्याचेंच ‘मेजिरो’ हें नांव घेऊन आखाडा उघडला. जपानांत याच सुमारास या खेळाची लोकप्रियता ओसरूं लागली होती. एका संस्थेच्या अनेक संस्था झाल्या आणि प्रत्येकीचा किताब वेगळा झाला. इकडे मूळ वृक्ष वाळत असतां तिकडे कलम मात्र परक्या भूमींत जोमानें वाढत होतें.

येथें कझुयोशि इशिइ यांचा प्रवेश होतो. ओसाका येथें १९८० मध्यें त्यांनीं ‘सेइदोकाइकान’ हा कराटेचा पंथ स्थापिला होता. निरनिराळ्या विद्यांचे पाईक एकाच रिंगणांत, एकाच नियमांनीं लढवावे व त्यांतून एकच श्रेष्ठ निवडावा, ही त्यांची कल्पना. कराटे, किकबॉक्सिंग, कुंगफू इत्यादि विद्यांच्या नांवांतील ‘के’ हें आद्याक्षर आणि अद्वितीयत्वाचा ‘वन’, असा ‘के-वन’ या नांवाचा अर्थ सांगतात. फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या. कोपराचा आघात वर्ज्य. सर्वांत विलक्षण नियम असा कीं, आठ योद्ध्यांनीं एकाच रात्रीं लढावयाचें. विजेता होऊं इच्छिणाऱ्यानें त्या रात्रीं तीन सामने जिंकले पाहिजेत.

पहिली स्पर्धा ३० एप्रिल १९९३ रोजीं टोकियोंतील योयोगी क्रीडागृहांत झाली. इशिइ यांचा स्वतःचा शिष्य मासाआकी साताके तींत होता. ज्याची स्पर्धा, त्याचाच शिष्य विजेता, असा निकाल लागला असता तर कोणाला आश्चर्य वाटलें नसतें. आणि त्या किताबाला पुढें कोणी फारसें विचारलेंहि नसतें. पण घडलें भलतेंच. क्रोएशियाच्या ब्रान्को सिकाटिचनें साताकेला उपांत्य सामन्यांत पाडलें आणि अंतिम सामन्यांत हॉलंडच्या अर्नेस्टो होस्टला गारद केलें. सिकाटिच त्या वेळीं अडतीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षीं साताके अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, पण पीटर आर्ट्स या डच योद्ध्यापुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं.

त्यानंतरची नामावळी पाहावी. १९९३ पासून २०१० पर्यंत या महास्पर्धेचे अठरा विजेते निवडले गेले. त्यांपैकीं १९९३ सालीं सिकाटिच, १९९६ मध्यें स्वित्झर्लंडचा अँडी हुग आणि २००१ मध्यें न्यूझीलंडचा मार्क हंट, एवढे तीन वगळले तर उरलेलीं पंधराहि विजेतेपदें डच योद्ध्यांकडे गेलीं. होस्ट व सेमी स्किल्ट यांना प्रत्येकीं चार, आर्ट्स व रेमी बोन्यास्की यांना प्रत्येकीं तीन, आणि अलिस्टर ओव्हरीमला एक. जपानी माणूस एकदांहि नाहीं! साताकेनंतर मुसाशि हा जपानी वीर २००३ व २००४ सालीं अंतिम सामन्यांत पोंचला, आणि दोन्ही वेळां बोन्यास्कीकडून पराभूत झाला. लहान वजनाच्या वीरांसाठीं २००२ पासून जी वेगळी स्पर्धा सुरू झाली, तींत मात्र मासातो या जपानी तरुणानें २००३ व २००८ असे दोनदां यश मिळविलें.

हे डच इतके प्रबळ कसे, याचें उत्तर मघांच येऊन गेलें आहे. अॅम्स्टरडॅमचे आखाडे जपानी गुरूच्या विद्येवर वाढले होते. म्हणजे टोकियोच्या रिंगणांत परदेशी योद्धे जपानी योद्ध्यांना हरवीत होते, तेव्हां एका अर्थानें कुरोसाकीचीच विद्या आपल्या माहेरीं परत येत होती.

तथापि ही पद्धति निर्दोष होती असें मी म्हणणार नाहीं. एका रात्रींत तीन सामने म्हणजे कौशल्याबरोबर दैवाचीहि परीक्षा. २००२ सालीं बॉब सॅप या अवाढव्य अमेरिकनानें उपउपांत्य सामन्यांत होस्टला हरविलें. पण सॅपचा हात मोडला, म्हणून हरलेलाच होस्ट पुढें गेला आणि त्याच रात्रीं विजेता ठरला. नियमाप्रमाणें निर्णय बिनचूक होता. परंतु ‘त्या रात्रीं श्रेष्ठ कोण?’ हा प्रश्न शिल्लक राहिला. २००७ सालीं वजनवार पट्टेहि देण्यास आरंभ झाला. पट्टा ज्याच्यापाशीं असेल त्यानें तो आव्हान देणाऱ्यापासून राखावयाचा, ही जुनी रीत. २००८ च्या महास्पर्धेच्या अंतिम सामन्यांत बद्र हारी यानें खालीं पडलेल्या बोन्यास्कीवर आघात केला. त्याला बाद करण्यांत आलें आणि त्याच्यापाशीं असलेला पट्टाहि काढून घेण्यांत आला. पडलेल्यावर हात उगारणाराला किताब शोभत नाहीं, हें संस्थेनें त्या दिवशीं स्पष्ट केलें.

मात्र जी संस्था रिंगणांत इतकी न्यायी, तिचा हिशेब रिंगणाबाहेर बिघडला. करचुकवेगिरीच्या प्रकरणांत इशिइ यांना २००३ सालीं अटक झाली. त्यांच्या पश्चात् कारभार पाहणारी कंपनी कर्जांत बुडाली आणि २०१२ मध्यें तिचें दिवाळें निघालें. २०११ सालीं महास्पर्धा झालीच नाहीं. पुढें नव्या चालकांनीं एक महास्पर्धा भरविली, तिचा अंतिम दिवस २०१३ च्या मार्चांत क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथें झाला. तेथें मिर्को फिलिपोविच जिंकला. १९९९ सालीं हाच योद्धा अंतिम सामन्यांत होस्टकडून हरला होता.

जपानांत ‘के-वन’ हें नांव २०१४ मध्यें पुन्हां उभें राहिलें. या वेळीं हलक्या वजनाच्या वीरांच्या बळावर. ताकेरु या तरुणानें तीन वेगवेगळ्या वजनांचे किताब मिळविले. १९ जून २०२२ रोजीं टोकियोच्या घुमटाकार क्रीडागृहांत त्याची गांठ दुसऱ्या संस्थेचा अजिंक्य वीर तेनशिन नासुकावा याच्याशीं पडली. छपन्न हजारांवर प्रेक्षकांसमोर पंचांनीं नासुकावाच्या बाजूनें कौल दिला. त्या सामन्यांत कोणताहि पट्टा पणास लावलेला नव्हता. तरीहि लोकांनीं तो सर्व पट्ट्यांहून मोठा मानला.

श्रोतेहो, या इतिहासाचें तात्पर्य मला असें दिसतें. कंपनी बुडाली, चालक गेले, पण होस्टचे चार आणि आर्ट्सचे तीन किताब बुडाले नाहींत. ज्या संस्थेनें ते दिले तिनें आपल्या घरच्या मुलांना अठरा वर्षें हरूं दिलें, म्हणूनच ते टिकले. यजमानानें आपल्याच पानांत लाडू वाढून घेतला तर त्याला पंगत म्हणत नाहींत. जपानानें पंगत मांडली, पाहुण्यांना पोटभर वाढलें आणि आपण उपाशी राहिला. पण त्या पंगतीची कीर्ति आज जगभर आहे, आणि तिच्यांत यजमानाचा वाटा सर्वांत मोठा आहे.