वऱ्हाडातली तार आणि तिचा रोध

वाहकातून विद्युतधारा वाहताना तिला होणारा अडथळा म्हणजे त्या वाहकाचा रोध. विभवांतर वाढवले की धारा त्याच प्रमाणात वाढते, हा नियम जर्मनीतील गेओर्ग ओहम यांनी 1827 मध्ये मांडला. वऱ्हाडात मात्र रोधाचा व्यवहार शिक्षणाच्या वर्गाच्या कितीतरी आधी, कापसाच्या व्यापारामागोमाग आला.

मुंबईचा लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून 1867 मध्ये नागपूरला पोचला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. तिथल्या शाखामार्गाचे उद्घाटन 1870 मध्ये लॉर्ड मेयो यांनी केले. त्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईला लागली आणि लिव्हरपूलचा कापसाचा भाव कळायला आठवडे लागेनासे झाले.

खांबांवरची तारायंत्राची तार जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असे. सारख्याच लांबी-जाडीच्या तारेत लोखंडाचा रोध तांब्याच्या सुमारे सहापट. पण ते स्वस्त आणि ताण सोसणारे. रोध लांबीबरोबर वाढतो, तार दुप्पट जाड घेतली तर चौथाईवर येतो. चार मिलिमीटर जाडीच्या लोखंडी तारेचा रोध किलोमीटरला 8 ते 10 ओहम भरतो. नवशिक्याला रोध आणि लांबीचे हे नाते सर्वांत चांगले पटते ते बिघाड शोधण्याच्या रीतीतून. तार तुटून जमिनीला टेकली की तारेच्या ठाण्यातून उरलेल्या तारेचा रोध व्हीटस्टनचा सेतू या उपकरणाने मोजत. किलोमीटरला 8 ओहम धरून अकोल्यात 320 भरले, तर बिघाड 40 किलोमीटरवर, मूर्तिजापूरच्या थोडा पुढे. एकही खांब न पाहता जागा सांगणारे हे गणित रोधाच्या धड्यात पहिले असावे.

वऱ्हाडचे ऊन या गणितात ढवळाढवळ करते. धातू तापला की रोध वाढतो. 15 अंशांवरची लोखंडी तार 45 अंशांवर गेली तर सुमारे 15 टक्क्यांनी. शिवाय धारेची परतीची वाट जमिनीतून असे. ओली काळी माती धारा नेते. वैशाखात तिला भेगा पडल्या की धारा जमिनीत सोडण्यासाठी पुरलेल्या पत्र्याभोवतीचा रोध चढतो. आजही अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात पाणी ओततात ते याचसाठी. पावसाळ्यात उलटे होते: खांबावरच्या चिनी मातीच्या विद्युतरोधकांवर ओल धरते, धारा गळते आणि मोजलेला आकडा खऱ्याहून कमी येतो.

1923 मध्ये अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, सुरू झाले आणि तारेच्या कितीतरी मागून महाविद्यालयीन शिक्षण वऱ्हाडच्या दारात आले. 1961 मध्ये अकोल्याजवळच्या पारसचे औष्णिक वीजकेंद्र चालू झाल्यावर रोधाचा प्रश्न संदेशाकडून शक्तीकडे वळला. तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणून विभवांतर दसपट केले की तेवढीच शक्ती दशांश धारेने जाते आणि नुकसान शंभरावा भाग उरते. अशा जास्त विभवांतराच्या वाहिन्यांत लोखंड उरले ते गाभ्यात, ताण सोसण्यापुरते. धारा मुख्यतः भोवतीच्या ॲल्युमिनियममधून जाते.